बुवा पडद्यावरून नाहीसे झाले त्याची हकिकत

जी वस्तू डोळ्यांसमोर असते तिच्याकडे माणूस बघत नाही, आणि ती नाहीशी झाली की समिती नेमतो. धर्म, संसार आणि सार्वजनिक कार्य या तिन्हींचा पाया हाच आहे. राजारामपुरीच्या आठव्या गल्लीतलं श्री कीर्तनश्रवण भक्त मंडळ हे तत्त्व पाळण्यात जिल्ह्यात पहिलं आहे. (जिल्ह्यात या नावाचं दुसरं मंडळ नाही.)

मंडळाचे सचिव दादासो सरनोबत. वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. गळ्यात माळ, खिशात टेस्टर. त्यांचं आयुष्य दोनच कामांत गेलं, खांबावर चढण्यात आणि रंगनाथबुवा तारदाळकरांच्या कीर्तनात मागं टाळ धरून उभं राहण्यात. बुवांचं कीर्तन ज्यांनी ऐकलं नाही त्यांना ते सांगून कळत नाही, आणि ज्यांनी ऐकलं ते सांगायचे थांबत नाहीत. हसवता हसवता बुवा असं काही बोलून जायचे की समोर बसलेला माणूस हसू आवरतोय का रडू, ते त्याचं त्यालाही उमगायचं नाही.

१९९८ साली बुवा वैकुंठाला गेले. मागे राहिल्या मंडळाने भरलेल्या दोनशे बारा कॅसेटी. आठ वर्षांनी त्यांना बुरशी धरू लागली, तेव्हा मंडळाने त्या शाहूपुरीतल्या एका दुकानात देऊन सगळ्या एका हार्ड डिस्कवर चढवून घेतल्या. साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा डबा, त्यात पंधरा वर्षांचे बुवा. सभासद धन्य झाले. प्रश्न उरला रिकाम्या झालेल्या कॅसेटींचा. भंगारात घालणं पाप, घरात ठेवणं अडगळ. असल्या दोन गोष्टींच्या मधे नदी असते. दादासोंनी सूचना मांडली, आण्णांनी, म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांनी, अनुमोदन दिलं, आणि एका गुरुवारी नारळ फोडून दोनशे बारा कॅसेटी पंचगंगेत विसर्जित झाल्या. (एकीची फीत सुटून घाटावरच्या म्हशीच्या शिंगात अडकली. तिलाही हळदकुंकू लावण्यात आलं.)

डिस्कला संगणक लागतो. तो एका छापखानेवाल्याने नवा घेतल्यावर जुना दान दिला. त्याच्या पाठीवर सफरचंदाचं चित्र होतं. संगणक हॉलच्या दाराजवळ, चपलांच्या रॅकशेजारी ठेवला, कारण विजेचा प्लग तिथंच होता. आणि मग दर एकादशीला एक सुंदर प्रथा सुरू झाली. संगणक चालू करायचा. पडद्यावर उजव्या कोपऱ्यात डिस्कचं छोटं चित्र उमटायचं. सगळ्यांनी रांगेने येऊन त्याला नमस्कार करायचा, आरती करायची, आणि संगणक बंद करून प्रसादाला बसायचं. सलग दोन वर्षं यात एकदाही खंड पडला नाही.

त्या वर्षी दत्तजयंतीला धोंडुबाईंनी आक्षेप घेतला. धोंडुबाई म्हणजे मंडळाचा मुदपाकखाना. त्यांच्या शब्दापुढे अध्यक्ष जात नाहीत, कारण पंगत त्यांच्या हातात असते.

"आण्णा, ह्या सफरचंदाचा लचका तोडलाय की हो कुणीतरी! उष्ट्या फळाशेजारी बुवांना ठेवलंय व्हय? आन् वर चपला!"

दोन वर्षं सगळे त्या फळाला नमस्कार करत होते. ठराव एकमताने मंजूर झाला: संगणक जागीच राहील, पण डिस्क गाभाऱ्यात, विठ्ठलाच्या पायाशी, मखमली आसनावर. अंतर बावीस फूट. वायर चपलांवरून न्यायची नाही, म्हणून ती दारावरून, सगळ्या माजी अध्यक्षांच्या फोटोंच्या मागून फिरवली. चार तुकडे जोडून एकतीस फूट भरली. जोडणी दादासोंनी स्वतः केली, आणि प्रत्येक जोडाला लाल चिकटपट्टी लावली.

पुढच्या एकादशीला संगणक चालू केला. कोपरा रिकामा.

आता सामान्य माणसाने विचार केला असता की परवा हलवली, आज गेली. पण मंडळ म्हणजे सामान्य माणूस नव्हे. जी गोष्ट एकमताने केली जाते ती बिघाडाचं कारण असू शकत नाही, हे मंडळाचं मूळ धोरण आहे. शिवाय ठराव धोंडुबाईंचा होता, आणि आठ दिवसांवर पुण्यतिथीचा महाप्रसाद होता. त्यामुळे ते एक कारण सोडून बाकी सर्व कारणांची सखोल चौकशी करण्याचं ठरलं.

दादासो मात्र कपाटातून इतिवृत्त काढून बसले. गावभर पत्रकं लागली होती: 'पुण्यतिथीनिमित्त बुवांचं कीर्तन, बुवांच्याच आवाजात'. डिस्क गेली तर बुवांचा आवाज पृथ्वीवर कुठंही नव्हता. आणि तो नदीत टाकायची सूचना कुणाची होती, हे इतिवृत्तात शाईने लिहिलेलं होतं. शाई दादासोंचीच.

आण्णा तेवढ्यात बोलले. "दादासो, मी आपलं इचारतो. कॅसेटी पाण्यात सोडताना फुडं कोण हुतं?"

"तुमीच नारळ फोडला की, आण्णा."

"नारळ फोडला. कॅसेटी न्हाय सोडल्या."

उपाययोजना तातडीने झाली. संगणक अकरा वेळा बंद करून अकरा वेळा चालू केला. पडदा आतून दिसत नाही म्हणून बाहेरून ओल्या फडक्याने पुसला. चित्र दुसऱ्या कोपऱ्यात गेलं असेल म्हणून चारी कोपरे पाहिले, मग पडद्याच्या मागची बाजू, मग टेबलाखाली. चपलांचा रॅकही हलवून पाहिला (त्यात १९९४ सालापासून हरवलेली एक कोल्हापुरी चप्पल सापडली, पण चौकशीच्या कक्षेत ती येत नव्हती). सभासदांची मतं लेखी मागवली. बासष्टपैकी एकतीस जणांनी व्हायरस हे कारण दिलं, अठरांनी दृष्ट, नऊ जणांनी राहुकाल. उरलेल्या चौघांनी डिस्क म्हणजे काय असं विचारलं. व्हायरसवाले बहुमतात आल्यामुळे डिस्कजवळ कडुलिंबाचा पाला ठेवला.

चौथ्या दिवशी दादासो एकटेच गाभाऱ्यात बसले. डिस्कवर हात ठेवला, मग राहवेना म्हणून कान टेकवला. आतून आवाज येत होता. टिक... टिक... थांबून, परत टिक... टिक...

दादासो धावत दाराशी आले. "आण्णा! आत बुवा हायत! चिपळ्या वाजवाय लागल्यात!"

बातमी गल्लीत फिरली. संध्याकाळपर्यंत चौतीस जणांनी रांगेने येऊन कान लावला. एका जाणकाराने हा दादरा असल्याचं सांगितलं, दुसऱ्याने केरवा. दोन बायकांनी डोळे पुसले. मंडळाच्या इतिहासात डिस्कमधून काही ऐकलं गेल्याची ही पहिलीच नोंद.

पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी दादासो कुणाला न सांगता गल्लीच्या टोकाला गेले. तिथं तहरीम संगणकाचे वर्ग चालवत असे. तिचे वडील बादशहाभाई लाउडस्पीकरवाले. बुवांचं एकही कीर्तन त्यांच्या कर्ण्याशिवाय झालेलं नव्हतं. लहानपणी तहरीमही मंडपात यायची आणि अँप्लिफायरला टेकून बसायची.

तिने हॉलमध्ये पाऊल टाकलं, चपला काढल्या, भिंतीवरच्या वायरकडे बघितलं. नजर पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत फिरत गेली.

"दादासोकाका, ही एवढी लांब वायर कशाला ओढलीय?"

"ठराव हाय."

"ठराव असंल, पर करंट पोचंना की. डिस्क फिरायला बघतीया, जोर मिळंना, म्हणून टिकटिक करतीया. तुमी वीज खात्यातलं न्हवं? लाइनीच्या शेवटाला काय हुतं?"

गडहिंग्लजकडच्या शेतकऱ्यांना दादासोंनी एकतीस वर्षं हेच सांगितलं होतं: पावणं, तुम्ही लाइनीच्या शेवटाला हाय, दाब कमी येणार, मोटर गुरगुरणार पण उठणार न्हाय. एकतीस वर्षं, आणि इथं एकतीस फूट. फरक एवढाच की शेतकरी त्यांना शिव्या द्यायचे, आणि इथं चौतीस जण पाया पडून गेले होते.

तहरीमने डिस्क आसनासकट उचलली, दाराशी आणली, वीतभर वायरने जोडली. कोपऱ्यात चित्र उमटलं.

उद्याच्या तयारीसाठी आलेल्या धोंडुबाईंनी हात जोडले. आण्णांनी शंख फुंकला. बुवा बुडाले नव्हते.

"मग कुठलं लावू?" तहरीमने विचारलं.

दोनशे बारांपैकी एकाचंही नाव कुणाला आठवेना.

"आधी आरती करू," आण्णा म्हणाले.

आरती चालू असताना तहरीमने एकेका कीर्तनाची माहिती उघडून बघितली. 'शेवटचं कधी उघडलं' या रकान्यात दोन आडव्या रेघा. दुसऱ्यात दोन रेघा. दोनशे बारात दोन रेघा. "काका, हे कुणी कधी ऐकलंच न्हाय."

आण्णांनी ही माहिती संगणकाची खोडसाळ साक्ष म्हणून फेटाळली.

"आन् सगळी पंचेचाळीस पंचेचाळीस मिनिटांचीच कशी?"

"बुवा वेळेचे लई पक्के हुते," आण्णा म्हणाले.

दादासोंच्या मनात काहीतरी हललं. बुवा दीड तासाच्या आत कधी थांबल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पण डिस्क परत आल्याचा आनंद एवढा होता की त्यात शंका घालणं अशुभ वाटलं. आनंदी माणसाने बेरीज करू नये.

पुण्यतिथीला तीनशे माणूस आलं. डिस्कला हार घातला (वायर न दाबता), आणि बुवांचा आवाज हॉलमध्ये भरला. पेटी, झांज, मग ते ओळखीचं खाकरणं. दादासोंनी मागं उभं राहून टाळ धरला, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपण कुठं उभे आहोत याचा विसर पडला. बुवांनी पूर्वरंग संपवून एका गरीब कोष्ट्याची गोष्ट धरली. घरात दाणा नाही, मागावर सूत नाही, भर दुपार, आणि दार वाजलं. "कोष्ट्याच्या बायकोनं कडी काढली," बुवा आवाज खाली आणत म्हणाले, "आणि दारात उभा होता..."

टक्.

कॅसेटीची पहिली बाजू संपली. शाहूपुरीतल्या दुकानदाराने प्रत्येक कॅसेटीची पहिली बाजूच चढवली होती. दोनशे बारा दुसऱ्या बाजू पंचगंगेत होत्या.

दादासोंचा टाळ हवेत थांबला. त्यांनी सभागृहाकडे पाहिलं. टाळ्यांचा कडकडाट. "वा! काय शेवट केला बुवांनी!" कुणीतरी म्हणालं. तीनशे माणूस उठलं आणि पंगतीकडे निघालं.

"आण्णा," दादासोंनी त्यांना वाटेत गाठलं, "दारात कोण आलतं?"

"कोण का ईना, दादासो. भात निवाय लागलाय."

त्यांनी बारा जणांना विचारलं. बाराही जण बुवांच्या त्या मूळ कीर्तनाला हजर होते, वहीत सह्या होत्या. दारात कोण आलं ते एकालाही माहीत नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, बुवांच्या मागं तीन हातांवर उभ्या असलेल्या दादासोंनाही नव्हतं. टाळ चुकू नये म्हणून ते सगळं लक्ष टाळाकडे देत असत.

ते जेवले नाहीत. सायकल काढून थेट बादशहाभाईंच्या घरी गेले.

बादशहाभाई अंगणात जुना कर्णा पुसत बसले होते. दादासोंनी बसायच्या आधीच विचारलं. बादशहाभाई हसले.

"अवो, दादासो, तुमी समदी प्रसादाला पळायचासा. मला वायरी गोळा करायच्या असायच्या. बुवा संपल्याबगर माईक काढता येतोय व्हय? शेवटपर्यंत ऐकणारा गावात मी एकटाच."

"मग सांगा की."

"सांगतो. पर बसा नीट. बुवा गडबडीत सांगत नव्हते."

बादशहाभाईंनी सांगितलं. बुवांसारखं खाकरून, बुवांसारखं मधेच थांबून. दादासो हसले, मग रडले, मग परत हसले, आणि चहा दोनदा गार झाला. मग दुसरं आख्यान निघालं. दोनशे बारा दुसऱ्या बाजू एका जागी, विनावायर.

मंडळाने ही बाब गांभीर्याने घेतली असून बादशहाभाईंना एका चांगल्या पेटीत सुरक्षित कसं ठेवता येईल यासाठी उपसमिती नेमली आहे. (बादशहाभाईंनी उपसमितीला चहा पाजून परत पाठवलं.)

कोष्ट्याच्या दारात कोण उभा होता, हे इथं छापता आलं असतं. पण छापलं की ते कपाटात जाणार. ज्यांना खरंच ऐकायचं असेल त्यांच्यासाठी रोज दुपारी चार वाजता आठव्या गल्लीच्या टोकाला अंगणात सतरंजी टाकलेली असते. आजवर नियमाने तिघे येतात: दादासो, तहरीम, आणि घरी कुणाला न सांगता धोंडुबाई. आपण हे वाचून 'एकदा जायलाच हवं' असं म्हणाल, हे ठाऊक असल्यामुळे चहा चौघांपुरताच टाकला जातो.