पाच बँड आणि एक होकार

"सहा वर्षांत पाच नोकऱ्या?" शैलेंद्र टिळेकरांच्या हातातला चहा बशीत सांडला.

"नोकऱ्या नाहीत बाबा, बँड्स," सिया म्हणाली. "ग्लेन ड्रमर आहे."

ग्लेन मूळचा ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगचा. २००१ साली तो अमेरिकेत आला, तेव्हापासूनची त्याची सगळी कारकीर्द सियाने वडिलांसाठी इंटरनेटवरून छापून आणली होती. इथे अमेरिकेतच, एडिसनला जन्मलेल्या या मुलीला त्याच्याशी लग्न करायचं होतं आणि तिला बाबांचा होकार हवा होता. बाबा एका विमा कंपनीत आयटी मॅनेजर. कागद हातात आला की ते आधी तारखा बघत.

"दोन हजार चार, मार्च ते ऑगस्ट. हा गॅप कसला?"

"त्यांच्या सिंगरने बास वाजवणाऱ्याच्या बायकोशी लग्न केलं. बँड तुटला."

"आणि याने काय केलं?"

"त्या लग्नात ड्रम्स वाजवले."

"अहो, मुलगा चांगला आहे," सियाची आई दीपा म्हणाल्या. "परवा सहा भाकऱ्या खाल्ल्या त्याने."

"भाकऱ्या मीही खातो. मी कंपनी बदलली का कधी?" शैलेंद्रांनी कागदांची घडी घातली. "मला एक आठवडा दे, सिया."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी जे केलं, ते नोकरीवर घेण्याआधी प्रत्येक उमेदवाराच्या बाबतीत ते करत आले होते. जुन्या बँडवाल्यांचे नंबर शोधून त्यांनी चौकशीचे फोन लावले. पहिला आता गालिचे विकत होता. "वेळेवर येणारा तेवढा एकच होता," तो म्हणाला. दुसरा ग्लेनच्या आठवणीने फोनवरच रडला. तिसऱ्याने मात्र उलट विचारलं, "तुम्ही कोण?"

वीस वर्षांच्या सवयीने शैलेंद्र म्हणाले, "आम्ही त्याला कायमस्वरूपी घेण्याच्या विचारात आहोत. त्याला इतक्यात सांगू नका."

तिसऱ्याने ग्लेनला खरोखरच सांगितलं नाही. त्याने ते ग्लेनच्या सध्याच्या बँडला सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी सिया घरी आली ती पांढरीफटक. "बाबा, ग्लेनला काढलं! कुणीतरी फोन करून सांगितलं की तो दुसरीकडे जातोय. शनिवारी टूर सुरू होतेय, म्हणून त्यांनी दुसरा ड्रमर घेतला."

शैलेंद्र हबकले. तरी घसा खाकरून म्हणाले, "मिळेल की सहावा बँड."

"त्याचा व्हिसा बँडच्या नावावर आहे!"

शैलेंद्र मटकन खुर्चीत बसले. व्हिसावरची सात वर्षं त्यांनी स्वतः काढली होती. साहेब नुसता शिंकला तरी त्या काळात त्यांची नजर माळ्यावरच्या सुटकेसकडे जायची. वैऱ्याचाही व्हिसा जाऊ नये असं मानणाऱ्या माणसाने होणाऱ्या जावयाचा घालवला होता.

"तो फोन मी केला होता," ते पुटपुटले.

"व्हॉट?"

"अहो, काय बोलताय!" दीपांच्या हातातलं लाटणं खाली पडलं.

शैलेंद्रांनी तडक त्या बँडच्या सिंगरला फोन लावला, खुलासा केला, माफी मागितली. सिंगरने शांतपणे ऐकून घेतलं. पण नवा ड्रमर गाणी बसवायलाही लागला होता.

तासाभराने ग्लेन आला. सियाने शिकवल्याप्रमाणे त्याने वाकून नमस्कार केला. "काळजी करू नका, काका. मी जिलाँगला परत जातो. सियासुद्धा येते म्हणाली."

"सिया कुठे येते म्हणाली?" दीपा आणि शैलेंद्र एकदमच ओरडले.

"ऑस्ट्रेलियाला," सिया म्हणाली. "इथे तुम्ही हो म्हणत नाही, आणि तो इथे राहू शकत नाही."

"तिकडे दिवाळीत उन्हाळा असतो म्हणे!" दीपांनी डोळ्यांना पदर लावला.

सिया जन्माने अमेरिकन; तिच्याशी लग्न झालं की ग्लेनला इथेच राहता येणार होतं. शुक्रवारी सकाळी विवाह परवान्याच्या खिडकीपुढे रांगेत सर्वांत पुढे शैलेंद्र उभे होते. सिया आणि ग्लेन त्यांच्या मागे. खिडकीतल्या बाईंनी अर्ज तपासला, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "बहात्तर तासांनी या."

"तीन दिवस?" शैलेंद्रांना धक्काच बसला. "कशासाठी?"

"घाईगर्दीत कुणी लग्न करू नये, नीट विचार करायला वेळ मिळावा, म्हणून कायदाच आहे तसा."

शैलेंद्रांनी मागे वळून ग्लेनकडे पाहिलं. मग खिडकीत डोकं घालून ते काकुळतीने म्हणाले, "मॅडम, मुलगा हिरा आहे हो. तेवढ्या वेळात त्याने खरंच विचार केला तर?"