कुलूपबंद खोलीतल्या सहा फेऱ्या

दोन भाऊ एकमेकांशी बोलत नसतील तर घरातल्या तिसऱ्या माणसाने गप्प बसावं, हा विचार माझ्या डोक्यात कुठून आला कोण जाणे. पण आला खरा. सोमवारी सकाळी देवापुढे हात जोडून मी कबूल करून बसले, की ह्यांचं आणि भाऊजींचं बोलणं सुरू होईपर्यंत रोज जेवणं आटोपल्यापासून दिवे लागेपर्यंत मी एक शब्द बोलणार नाही. (व्रतांची मला सवय आहे. ह्यांच्या दाढदुखीसाठी मी महिनाभर साखर सोडली होती. दाढ शेवटी दातांच्या डॉक्टरांनीच काढली, पण साखर सोडली म्हणून ती इतक्या लवकर सुटली, अशी माझी श्रद्धा आहे.)

घाई अशासाठी, की रविवारच्या गाडीने भाऊजी आपल्या मुलीकडे कायमचे राहायला जाणार होते. भाऊजी म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. घड्याळं दुरुस्त करतात, वरच्या मजल्यावर एकटे राहतात आणि जेवायला खाली आमच्यात असतात. अकरा महिने दोघे एकाच टेबलाशी जेवत होते आणि मीठ माझ्यामार्फत मागत होते. असंच न बोलता भाऊजी गाडीत बसले असते, तर पुढे दोघांपैकी कोणी पहिलं पत्र लिहिलं असतं, असं मला वाटत नव्हतं.

आणि भांडण कशावरून? जमिनीवरून नाही, घरावरून नाही. कधीच मरून गेलेल्या दोन बॉक्सरांवरून.

एकाला लोहार म्हणत, दुसऱ्याला पोस्टमन. दोघांचे मूळ धंदेच ते. लोहार एकेचाळीस लढती लढला आणि सदतीस वेळा समोरच्याला उचलून न्यावं लागलं. पोस्टमन अठ्ठावन्न लढला, क्वचितच कोणाला पाडलं, पण नऊ वर्षं विजेतेपदाचा पट्टा कमरेवरून उतरू दिला नाही. लोहाराचा उजवा हात भाऊजींना पाठ, पोस्टमनचे पाय ह्यांना पाठ. ह्यांचं म्हणणं, पोस्टमनने पुढे तालीम काढली, शेकडो मुलं घडवली, आज रिंगणात जो तो उभा राहतो तो पोस्टमनसारखा. भाऊजींचं म्हणणं, उभे राहत असतील, पण रस्त्यावरचं पोर मूठ उगारतं ती लोहारासारखी, त्याला कोणत्या तालमीत शिकवलं?

दोघे एकमेकांशी तीनदा लढले. एकदा लोहार जिंकला, एकदा पोस्टमन. तिसरी लढत दहा फेऱ्यांची होती. चौथ्या फेरीत सभागृहातले दिवे गेले, अंधारात घंटा वाजली, आणि दिवे आले तेव्हा दोघेही आपापल्या कोपऱ्यात ग्लोव्हज काढून बसले होते. पंचांनी किती विनवलं, पण दोघे उठले नाहीत. का, ते शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही. पुढे वारलेही एकाच आठवड्यात.

त्या रात्री वेळ बघायला आणि घंटा वाजवायला बसले होते आमचे भाऊजी. तेव्हा ते तरुण होते. ती घंटा आणि लोहाराचा एक ग्लोव्ह त्यांनी वरच्या मागच्या खोलीत कुलपात ठेवलाय. आणि ह्यांनी, वाचनालयातून निवृत्त झाल्यावर हौसेने, त्या दोघा विजेत्यांची तुलना करणारा मोठा लेख लिहायला घेतला. त्यात एक वाक्य घातलं: 'वेळ पाहणाऱ्याने घंटा अर्धे मिनिट आधी वाजवली, म्हणून लोहार वाचला.' शिवाय तो कच्चा लेख भाऊजींनाच वाचायला दिला.

उभं आयुष्य दुसऱ्यांची घड्याळं बरोबर करणाऱ्या माणसाला.

तर सोमवारी, माझ्या व्रताच्या पहिल्याच दुपारी, सव्वातीन वाजता मी बटणं लावत बसले होते. हे आत डुलकी काढत होते, भाऊजी दुकानात होते. वर घंटा वाजली. एकच टोला. मग पावलं घासल्याचा आवाज. मग धप्प. थोडं थांबून पुन्हा धप्प, धप्प. छतातून खाली थोडी धूळ पडली, माझ्या मांडीवरच्या सदऱ्यावर. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. बरोबर तीन मिनिटांनी घंटा वाजली आणि सगळं शांत झालं.

मी वर गेले. (भीती वाटली नाही असं नाही, पण चोर असेल तर त्याने निदान पाय पुसावेत, हा विचार आधी आला.) खोलीला बाहेरून कुलूप होतं. दाराच्या फटीतून पाहिलं. जमिनीवर धुळीचा सारखा थर, त्यावर एक पाऊल नाही. खिळ्याला टांगलेला ग्लोव्ह मात्र सावकाश हलत होता. फटीतून गार हवा येत होती आणि तिला मालिशच्या तेलाचा वास होता.

मंगळवारी ह्यांनीही ऐकलं.

"कोण आहे गं वर?" हे झोपेतून उठून आले.

मी दोन बोटं दाखवली. मग दोन्ही मुठी वळून चेहऱ्यासमोर धरल्या.

हे दोन पावलं मागे सरकले. "अगं, झोप लागली जरा. चहा मीच ठेवतो, त्यात एवढं काय?"

मी छताकडे बोट दाखवलं.

"दादा? दुकान सोडून आलाय? मला लिहू द्यायचं नाही म्हणून आदळआपट करतोय होय. करू दे."

दिवे लागल्यावर मी खरं काय ते सांगितलं. हे म्हणाले, उपास कमी कर. तेवढ्यात जिन्यावरून भाऊजींनी हाक मारली. ते मला धाकटी म्हणतात.

"धाकटे, तुझ्या नवऱ्याला सांग, माझ्या खोलीची दुसरी किल्ली करून घेतली असेल तर मुकाट्याने परत कर म्हणावं. ग्लोव्ह आतून ओला लागतोय. कोणीतरी घालून बसलं होतं."

"त्याला सांग," हे माझ्या शेजारीच उभे राहून म्हणाले, "की त्या ग्लोव्हला हात लावायची मला हौस नाही."

मी दोन्ही निरोप पोचवले. सहा पायऱ्यांवरून.

बुधवारी ह्यांना पकडायला भाऊजी दुकान लवकर बंद करून मागच्या बाजूने वर चढले, आणि भाऊजींना पकडायला हे पुढून चढले. मी ह्यांच्या मागे होते. सव्वातीनला कुलूपबंद दारासमोर दोघे भाऊ नाकासमोर नाक येऊन उभे राहिले. आत धप्प झालं.

"तू?" भाऊजी म्हणाले.

"मग आत?" हे म्हणाले.

दाराची कडी हलत होती. तीन मिनिटं कोणी जागचं हललं नाही. घंटा वाजल्यावर भाऊजींनी कनवटीची किल्ली काढून कुलूप उघडलं. खोली रिकामी. घंटा कापडात गुंडाळलेली, गाठ तशीच. भाऊजींनी तिला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "थरथरतेय अजून," ते म्हणाले.

त्या रात्री मी फार विचार केला. भुतांचा नाही, व्रताचा. 'तू' आणि 'मग आत' हे बोलणं धरायचं का? शेवटी ठरवलं, नाही धरायचं. ते एकमेकांना नव्हतं, भीतीला होतं. देवाला फसवून काय मिळणार?

भाऊजींनी मात्र हिशोब लावला होता, आणि गुरुवारी तो त्यांनी भिंतीकडे तोंड करून मांडला. "काही लोकांच्या लक्षात आलं नसेल. चौथी फेरी त्या रात्री झाली. सोमवारी पाचवी, काल सातवी. आज आठवी. शनिवारी दहावी."

दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट विश्रांती असते म्हणतात. मेल्यावर ते मिनिट बहुधा एका दिवसाचं होत असावं.

गुरुवार आणि शुक्रवार दोघे जिन्यावर बसले, मध्ये तीन पायऱ्या सोडून. हे वाचनालयाच्या जुन्या कार्डांच्या पाठीवर गुण लिहीत होते, भाऊजी घड्याळांना बांधायच्या चिठ्ठ्यांवर. मी सर्वात खालच्या पायरीवर बटणं घेऊन. भरदुपारी जिन्यात इतकी थंडी पडायची, की सुई हाताला टोचलेली कळत नव्हती.

"काही लोकांना वाटेल, तो ठोसा लोहाराचा," हे छताला म्हणायचे.

"काही लोकांना कान असतात. उजवा पाय ओढतोय तो लोहार. लागलाय त्याला."

"काही लोक आज पोस्टमनचं कौतुक करताहेत, नवल आहे."

"काही लोकांनी गप्प बसावं, फेरी चालू आहे."

शनिवारी भाऊजींची ट्रंक बांधून दाराशी आली होती. दहावी फेरी सुरू झाली. पहिलं मिनिट दाराच्या फळ्या थरथरत होत्या. मग ठोसे विरळ झाले. शेवटच्या मिनिटाला तर नुसते दोन माणसांचे श्वास ऐकू येत होते, जड, एकमेकांच्या अगदी जवळ. घंटा वाजली. तिचा नाद बराच वेळ जिन्यात फिरत राहिला.

"ऐक," भाऊजी म्हणाले. ह्या वेळी भिंतीला नाही, ह्यांच्याकडे बघून. "त्या रात्री घंटा आधी वाजली, हे खरं आहे. तेवीस सेकंद आधी. पण मी वाजवली नाही. दिवे गेले तेव्हा हातोडी माझ्या मांडीवर होती. घंटा आपोआप वाजली. आज वाजली तशीच."

"दादा, मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"कोणाला सांगू? वेळ बघणाऱ्याने असं सांगितलं, तर त्याच्याकडे कोण घड्याळ देईल?"

हे एक पायरी भाऊजींच्या जवळ सरकले. मग म्हणाले, "ते वाक्य मी काढतो. चुकलं माझं."

मला रडू आलं. पण ते पुरतं येईपर्यंत गुणांची कार्डं बाहेर निघाली. ह्यांनी लढत लोहाराला दिली होती. भाऊजींनी पोस्टमनला.

"मला बरं वाटावं म्हणून देऊ नकोस, दादा. लोहार सरळ जिंकलाय."

"तुझ्यासाठी कशाला देऊ? पोस्टमनने त्याला जवळ येऊ दिलं का? सांग, येऊ दिलं का?"

"तीस वर्षं लोहार लोहार करत होतास."

"आणि तू आता करतोयस."

बरोबरी झाली होती. पंच तीन लागतात. दोघांनी एकदम खाली माझ्याकडे पाहिलं.

"ही सहाही फेऱ्यांना होती," हे म्हणाले.

"पहिली तर हिने एकटीने ऐकली," भाऊजी म्हणाले. "सांग धाकटे. मोकळेपणाने सांग."

माझं व्रत पुरं झालं होतं. सहा दुपारी मी एकेक धप्प मनात साठवून ठेवला होता. मी सुई सदऱ्यात टोचून ठेवली आणि जपून, शब्द निवडून सांगितलं, "मला वाटतं, शेवटच्या फेरीत कोणी कोणाला मारलंच नाही. एकाचे पाय गेले होते. दुसऱ्याने त्याला घंटा होईपर्यंत धरून उभं ठेवलं. त्या रात्री अंधारातही तसंच झालं असेल. म्हणून दोघे पुन्हा उठले नाहीत. कोण मोठा, हे त्यांनाच नको होतं."

दोघे भाऊ माझ्याकडे पाहत राहिले. मग एकमेकांकडे. आणि अकरा महिन्यांनी पहिल्यांदा त्यांचं एखाद्या गोष्टीवर पूर्ण एकमत झालं.

"तुला बॉक्सिंगमधलं काय कळतं?" दोघे म्हणाले.

कुलपाच्या आड, रिकाम्या खोलीत, दोन दमलेली माणसं हळूच हसली. मी स्वतःची समजूत काढत होते, की ते दुसऱ्याच कशाला हसत असतील. पण नंतर आतून कोणीतरी दारावर दोनदा थोपटलं, भाऊजींच्या पाठीशी, शाबासकी दिल्यासारखं.

भाऊजींनी ट्रंक स्वतःच वर नेली. संध्याकाळी मुलीला पत्र लिहिलं आणि पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं. 'माझं येणं लांबलं आहे. तुझ्या काकूला बॉक्सिंग समजावून सांगायचं आम्ही दोघांनी मनावर घेतलं आहे. तिची समज पाहता, मी यापुढे इथेच राहीन असं दिसतं.'