१.१० लहान की १.९?

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यातील मंजुरी विभागाने १.१० ही आवृत्ती १.९ पेक्षा लहान असल्याचा निर्णय दिला. खाली आवृत्ती-नियंत्रक मानाजी यांची सही होती. संरक्षण खात्याच्या हिशेब शाखेतून निवृत्त झाल्यावर त्यांना हे पद मिळाले होते.

निर्णयाचा कागद अड्यारच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतून आलेल्या विद्यालक्ष्मीच्या हातात पडला. हात आत असला की पत्रा दाबणारा प्रेस थांबवायचा, एवढेच काम करणारा प्रोग्रॅम तिने लिहिला होता. काळा हातमोजा घातलेला हात १.९ ला दहापैकी एकदा दिसत नसे, आणि कारखान्याने सगळ्यांना काळेच हातमोजे दिले होते. तिने एक ओळ दुरुस्त करून पुढचा क्रमांक, १.१०, घातला. चार नंबरच्या प्रेसवर तिचा सख्खा मामा, व्यंकट, काम करी.

विभाग प्रोग्रॅम तपासत नसे. सोबतची माहितीची फाइल तेवढी तपासली जाई: नाव, आवृत्ती, तारीख, कर्ता, वर्णन. नवी आवृत्ती जुनीपेक्षा मोठी हवी, हा नियम.

“शेवटच्या शून्याला किंमत नसते,” मानाजी म्हणाले. “१.१० म्हणजे १.१. तुम्ही आठ पावलं मागे गेलात, मॅडम.”

“तो दशांश नाही, सर. नऊनंतर दहा. मध्ये नुसतं टिंब आहे. आम्ही पुळ्ळी म्हणतो, कोलममध्ये घालतो तशी.”

“रांगोळीवर प्रेस चालत नाही.”

“मग २.० करू?”

“२.० म्हणजे मोठा बदल. त्याला समिती. ती तिमाहीला बसते.”

१.९१ मात्र मानाजींना मान्य झाली. फाइल शेजारच्या टेबलावर, रत्नप्रभाबाईंच्या नोंदवहीकडे गेली. रत्नप्रभाबाई दशांश मानत नसत; त्या ओळीने मोजत.

“नऊनंतर एकदम एक्क्याण्णव? मधल्या एक्क्याऐंशी कुठायत?”

“मधल्या नाहीतच.”

“नाहीत, तर तशा फाइली द्या. रिकाम्या चालतील.”

विद्यालक्ष्मीने मामाला फोन केला. “दोन दिवस लागतील मामा. हात जपून.”

“सरी मा, बरं. मी मोजतो ना. सहाला प्रेस खाली येतो, पाचला मी हात काढतो. तू साहेबांशी भांडू नकोस, नोकरी नवी आहे तुझी.”

गुरुवारी तिने एक्क्याऐंशी फाइली आणल्या. प्रत्येकीत नाव, आवृत्ती, तारीख, कर्ता होते. वर्णनात ‘काही नाही’ लिहिले होते आणि प्रोग्रॅमच्या जागी खरोखरच काही नव्हते. रत्नप्रभाबाईंनी १.१० पासून १.९० पर्यंत सगळ्या चढवल्या आणि १.९१ बाजूला ठेवून त्या जेवायला गेल्या. एक वाजता कारखान्याच्या यंत्रणेने, रोजच्या शिस्तीप्रमाणे, नोंदवहीतली सर्वांत मोठी आवृत्ती चार नंबरवर बसवली.

पडद्यावर हिरवी अक्षरे उमटली: अद्ययावत.

विद्यालक्ष्मी मानाजींच्या टेबलाशी धावली. “चार नंबर थांबवा, सर. १.९० रिकामी आहे.”

“१.९० म्हणजे १.९च,” मानाजींनी चष्मा पुसला. “काहीच बदललेलं नाही. न बदललेल्या गोष्टीसाठी प्रेस कसा थांबवू?”

“मग १.९१ तरी बसवा.”

त्यांनी दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या. “वर्णनात ‘एक ओळ दुरुस्त’ म्हणताय. आधीच्या आवृत्तीत काहीच नाही, हिच्यात अख्खा प्रोग्रॅम. हा मोठा बदल झाला. समिती.”

व्यंकटचा फोन शिफ्ट संपेपर्यंत गेटवर जमा असतो, आणि विद्यालक्ष्मीचा पास प्रेसच्या शेडमध्ये चालत नाही. नोंदीवरून एवढे कळते की एक वाजता चार नंबरच्या पडद्यावर ‘बदलांची माहिती मी वाचली आहे’ असे वाक्य आले आणि व्यंकटने दोन सेकंदांत ‘होय’ दाबले. उरलेल्या कारखान्याची सरासरी दीड सेकंद आहे. वाचकाची किती, हे त्याच्या खिशातल्या फोनला ठाऊक आहे.

अडीच वाजेपर्यंतच्या माहितीनुसार चार नंबर चालू आहे.