वकील कोंबड्याची केस

नवेगाव बांधचा उदाराम म्हातारा सहा वरसं अर्जुनीच्या कोर्टात साक्षीले गेला. शेजाऱ्याची धुऱ्याची, म्हंजे वावराच्या बांधाची केस होती. सहा वरसात तो चारच वाक्यं बोलला (त्यातलं एक, "सायेब, पानी भेटन का?"). पन बाहेर चिंचेखाली अर्जनविसाच्या बाजूले बसून बसून त्याले सारं कोर्ट पाठ झालं. लिव्हाच्या नावानं सही तेवढी येत होती, थेही घाई नसली तं.

दोन हजार दोन सालची गोष्ट. घरी काही झालं का सून शामकला अन् त्याची बायको, बुढी धुरपताबाई, दोघी सिद्ध्या उदारामच्या ताटापुढं येऊन भांडत. एका इतवारी त्यानं हातातला घास खाली ठेवला.

"थेट दिल्लीले कोनी जाते का बे? पायऱ्या असतात पायऱ्या!" म्हने. "आजपासून चुलीजवड शामकला, हे अर्जुनीचं कोर्ट. ओसरीवर बुढी, हे गोंदियाचं जिल्हा कोर्ट. लेक चुन्नीलाल, नागपूरचं हायकोर्ट. अन् माह्या खाटेवर दिल्ली. दिल्लीच्या वर अपील नाही."

"दिल्लीच्या खाटेची दोरी ढिली झाली, आधी थे ताना," धुरपताबाई म्हने.

शामकला धाव्वी पास. तिनं जुन्या क्यालेंडरच्या मांगं सारं लिवून घेतलं. मंग पेन कानाले लावून गरीब तोंडानं इचारते, "मामाजी, खाली निकाल लागला अन् वरची तारीख लांब असली, तं मधात काय कराचं जी?"

"स्टे आनाचा! स्टे नाही तं निकाल चालू. कायदा म्हंजे कायदा."

(हे वाक्य त्यानं स्वताच्या तोंडानं सांगतलं. ध्यानात ठेवा.)

महिनाभर म्हाताऱ्याची मज्जाच मज्जा. शामकलाच्या बहिनीचं लगन होतं. माहेरी जाचा अर्ज गोंदियात पास झाला, तं यानं खाटेवरून फाइल मांगवली. सोमवारी म्हने बुधवारी या. बुधवारी म्हने सायेब रजेवर आहेत. सायेब समोर बिडी ओढून राह्यले! आखरीले सोडलं, तिची थैली धरून यष्टीपर्यंत पोचवून बी आला, पन पोरगी पोचली तवा हळद लागून वाळली होती. उदाराम चार दिवस आठवून आठवून हासला. शामकला म्हने, नुसतं "हाव मामाजी."

आता वकील. वकील म्हंजे उदारामचा कोंबडा. वेळ नाही, वखत नाही, उगाच वरडते म्हनून हे नाव. त्याच्यावर म्हाताऱ्याचा जीव असा का लेकाले बी तेवढं प्रेम नाही भेटलं. आपल्या ताटातला भात त्याले हातानं चारे.

एका सकाळी शामकलानं कोहळ्याच्या वड्या वाळू घातल्या. दोन दिवसाची मेहनत. वकील त्याच्यावर चढला, पायानं उकरल्या, अर्ध्या खाल्ल्या, अन् उरलेल्यावर सही करून उतरला.

"याले कढईत घालतो!" शामकला विळा घेऊन उठली.

"थांब! फिर्यादी तू अन् जज बी तूच? असं होते का कुठं?"

"खरं हाय जी," शामकला म्हने. "मंग केस गोंदियाले वर्ग करतो. आत्याबाई, तुमी बसा."

धुरपताबाईनं पान थुकलं, वड्या पाह्यल्या, कोंबडा पाह्यला.

"कढई," म्हने. "दुपारी."

उदाराम खो खो हासला. "कर निकाल! दिल्ली बसली हाय इथं."

"कोंबडा कोनाचा जी?"

"माहा."

"मंग आपल्याच केसमंदी तुमीच बसता? अर्जुनीत असं होते का?"

उदारामचं हासू मिशीतच अटकलं. अर्जुनीत असं होत नाही. त्यानंच हजारदा सांगतलं होतं. मंग राह्यलं नागपूर. अन् नागपूर शनिवारपर्यंत जंगलातल्या लाकूड डेपोत कामावर!

म्हाताऱ्यानं टोपी घातली, एका पायात आपली चप्पल अन् एका पायात बुढीची, अन् यष्टी धरली. डेपोत चुन्नीलाल लाकडं मोजत होता.

"बाबा, माय बरी हाय ना?"

"मायले काय होते? वकिलाले फाशी झाली! सही कर बापू, लवकर!"

चुन्नीलालनं बिडीच्या कागदावर लिव्हलं, 'स्टे दिला.' हासता हासता सही वाकडी झाली.

कागद छातीशी धरून म्हातारा परतला. पन फाटकातच रस्स्याचा वास आला. अंगनात वकील नाही. खुराडं उघडं.

"स्टे आनला वो," तो बारीक आवाजात म्हने.

"उशीर झाला मामाजी," शामकलानं ताट वाढलं. "निकाल चालू होता."

उदाराम रडला. खरंच रडला, धोतराच्या सोग्यानं नाक पुसत. मंग भूकही होती. रडता रडता एक फोडी तोंडात टाकली. मंग दुसरी.

"गुनाचा होता वो माहा वकील," हुंदका देते, "थोडा रस्सा टाक. जितेपनी कदर नाही केली आपुन... तंगडी कोनी खाल्ली?"

तिसरी फोडी संपली, अन् शेजारच्या सुमित्राबाईच्या घरून आवाज आला. कुकूऽऽचकू! वेळ नाही, वखत नाही.

म्हातारा ताटावरून उठून धावला. वकील सुमित्राबाईच्या टोपल्याखाली, धडधाकट. कढईत गेला तो तिचा कोंबडा होता. त्याच्या बदल्यात शामकला तिले नव्या वड्या घालून देनार होती.

"जप्तीत ठेवला होता जी," शामकला म्हने. "हळदीची तारीख आठवते का मामाजी?"

उदारामनं दोन्ही कान धरले. सुनेपुढं धरले! "आन माहा कोंबडा."

"असा कसा भेटन? रेकॉर्ड हाय." तिनं क्यालेंडर काढून वाचलं, "मालकानं मयत समजून तीन फोडी खाल्ल्या. रस्सा मांगतला. तंगडीची चौकशी केली."

धुरपताबाई ओसरीवर नीट बसली. "ज्या बापानं रडता रडता लेकराचा रस्सा मांगतला, त्याले ताबा कोन देईन? कोंबडा सुनेपाशी राहीन. बापानं इतवारी भेटावं, अर्धा घंटा, माह्या समोर."

"अपील!" उदाराम म्हने.

"करा. दिल्लीची दोरी तानली का?"

पयल्या इतवारी उदाराम आंग धुवून, टोपी घालून, मूठभर तांदूळ घेऊन ओसरीपुढं उभा राह्यला. वकिलानं सारे तांदूळ टिपून खाल्ले, एकदा मान वाकडी करून म्हाताऱ्याकडं पाह्यलं, अन् शामकलाच्या मांगं मांगं चुलीकडं निंघून गेला.

"वकीलच तो," उदाराम रिकामा हात झटकत म्हने. "फी घेतली अन् समोरच्या पार्टीले मिळाला."