रखमाजींची साडेपाच तासांची घाई

रखमाजी परत आले.

असं काहीही घडलेलं नाही. रखमाजींना जाऊन दीड वर्ष झालं आणि त्यांच्या वर्षश्राद्धाला सौमित्र स्वतः तीन वाट्या खीर पिऊन आला होता. तेव्हा वरचं वाक्य कुणी वाचलेलं नाही, असं समजून पुढे जाऊ.

मार्गासनी सोडली की डाव्या हाताला एक कच्चा रस्ता फुटतो. तो जिथे कंटाळून थांबतो, तिथे उंबरकोंड. चाळीस वर्षं या गावात रोज दोन हाका व्हायच्या. दुपारी बाराला, "रानातली मानसं घरी या, भाकरी खाऊन घ्या!" आणि संध्याकाळी सातला, "दिवेलागन झाली! दिवा लावा, जनावरं आत घ्या!" हाका मारणारे रखमाजी, गावचे पाणी सोडणारे. त्यांची हाक कधी मिनिटभरही चुकली नाही. गावात घड्याळं होती, पण ती रखमाजींना विचारून चालायची.

पुढे रखमाजींचे गुडघे गेले, देवळाच्या कट्ट्यावर चढवेना. तेव्हा भोरच्या सौमित्रने त्यांचा आवाज रेकॉर्ड केला, ग्रामपंचायतीतल्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची सिस्टीम टाकली आणि तारेने तो देवळावरच्या भोंग्याला जोडला. बारा वाजले की एक हाक, सात वाजले की दुसरी, आपोआप. रखमाजी गेले तरी हाका चालू राहिल्या. त्यांची बायको ठकुबाई रोज सातला उंबऱ्यात बसून नवऱ्याला ऐकायची. तिच्याकडे त्यांचा एक फोटो होता, पण तो निवडणूक कार्डावरचा. त्यात रखमाजी आहेत की त्यांचा मोठा भाऊ, यावर घरातच दोन मतं होती. म्हणजे ठकुबाईकडे नवरा म्हणून उरला होता तो फक्त आवाज.

आणि आता तो म्हातारा कॉम्प्युटर धापा टाकायला लागला होता. पंखा असा घरघरायचा की पंचायतीत आलेली माणसं नकळत हळू बोलायची.

"आवाज जाईल का रं लेकरा?" ठकुबाईने विचारलं.

"आजी, केसालाही धक्का लागणार नाही!" सौमित्र म्हणाला. "हा डबा म्हणजे नुसता देह. आतली डिस्क म्हणजे जीव. जीव इथून काढायचा, नव्या देहात बसवायचा. लिनक्सला देह कुठलाही चालतो!"

हे तो सहज बोलला. पण सरपंच चिमाजींनी टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "मंगळवारी नगं. बुधवारी कर."

बुधवारी दुपारी तीन वाजता सौमित्रने जीव काढला. नवा डबा भोरच्या कुठल्याशा ऑफिसातून उतरलेला, त्याच्यावर आधी दुसरीच सिस्टीम चालायची. डिस्क बसवली, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसरत वर गेली आणि थांबली. खाली एकच शब्द लुकलुकत होता: rakhmaji.

कॉम्प्युटरला हे नाव तीन वर्षांपूर्वी सौमित्रनेच दिलं होतं, प्रेमाने. चिमाजींना इंग्रजी एवढंच वाचता यायचं, दुर्दैवाने तेवढंच पुरेसं होतं.

"वळख इचारत्यात का सांगत्यात?" त्यांनी दाराकडे सरकत विचारलं.

सौमित्रने हाक एकदा हाताने वाजवून पाहिली आणि पहिल्या दोन शब्दांवरच बंद केली. "दिवेलागन झाली!" खणखणीत! "बघा!" म्हणाला, गाडीला किक मारली आणि चार वाजता भोरला निघून गेला.

सव्वासातला फोन. "इंजिनेर, हाक न्हाई झाली. ठकुबाई अजून उंबऱ्यातच बसलीया."

"हो का?" सौमित्र जेवत होता. "नव्या घरात रुळायला वेळ लागतोच की, सरपंच. दमले असतील."

ही त्याच्या मते चेष्टा होती. उंबरकोंडात ती रात्रभर घरोघर सांगितली गेली.

सकाळी सातला पुन्हा फोन. आवाज एकदम खालचा. "बोलले."

"बघा! म्हणालो नव्हतो?"

"पन आत्ता बोलले. साडेसहाला. म्हनाले, रानातली मानसं घरी या."

"मग?"

"मग काय? मानसं रानात चालली हुती, ती आली म्हागारी. भाकरी खाल्ली. रखमाजी कदी चुकल्यात व्हय? आता गेनबा म्हनतोय, त्यास्नी वरनं कायतरी दिसलं आसंल, म्हनून घाई करत्यात!"

सौमित्रने पोह्यांची बशी बाजूला सारली.

भोरमधली सकाळची कामं कशीबशी उरकून तो उंबरकोंडात पोचला तेव्हा दुपारचा सव्वा वाजला होता. चैत्रातलं ऊन असं की राजगडसुद्धा सावली शोधत असल्यासारखा दिसत होता. गावात चिटपाखरू नव्हतं. गाडी बंद केली आणि आपल्याच चपलांचा आवाज त्याला मोठा वाटायला लागला. एक कुत्रं भिंतीला पाठ लावून बसलं होतं, तेही भोंग्याकडे बघत.

दीड वाजला. भोंगा खरखरला.

"दिवेलागन झाली! दिवा लावा, जनावरं आत घ्या!"

आणि दारं उघडली. एक नाही, सगळी. माणसं मुकाट्याने बाहेर आली, गोठ्याबाहेरची जनावरं आत नेली, तुळशीपुढे दिवे ठेवले. भर उन्हात! ज्योती दिसतसुद्धा नव्हत्या, नुसती हवा थरथरत होती. मग दारं एकामागून एक बंद झाली, कड्या लागल्या आणि डोक्यावर लखलखीत सूर्य असताना उंबरकोंडात रात्र झाली.

त्या शांततेत भोंगा अजून चालूच होता. एवढा वेळ नुसती खरखर. मग रखमाजींचा आवाज पुन्हा आला. हळू, घरातल्यासारखा.

"ठके, चहा टाक. अन् कालच्यावानी पानचट नगं."

ही हाक त्यानेच रेकॉर्ड केली होती. हे वाक्य त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं!

गावात एकच दार उघडं होतं. सौमित्र भीत भीत तिथवर पोचला, तोवर ठकुबाई चहा करून उंबऱ्यात बसली होती. पुढे दिवा आणि चहाचे दोन कप. सौमित्र तिच्या शेजारी टेकायला गेला.

"तिथं नगं, लेकरा," ती म्हणाली. "ती त्यांची जागा हाय."

सौमित्र उभ्या उभ्याच पंचायतीकडे पळाला.

भूत त्याला चार मिनिटांत सापडलं. कॉम्प्युटरच्या पोटात एक छोटं घड्याळ असतं. नव्या डब्यातलं घड्याळ भोरच्या वेळेवर लावलेलं होतं. लिनक्सला वाटलं ही लंडनची वेळ, म्हणून त्याने सवयीने वर साडेपाच तास चढवले. इंटरनेटवर खरी वेळ विचारली असती तर कळलं असतं, पण नव्या देहात नेटच्या कार्डाचं नाव बदललेलं, आणि लिनक्स बिचारं जुन्या नावाने हाका मारत बसलेलं. आणि ते चहाचं वाक्य? रेकॉर्डिंगच्या दिवशी हाक झाल्यावर सौमित्र बाहेर तारा गुंडाळत बसला आणि बटण उशिरा बंद केलं, बस्स. रोज सातला ते वाक्य भोंग्यातून येतच होतं. पण सातला गावातल्या साठही घरांत मालिका सुरू होतात, त्यात पिठाची गिरणी. दीड वर्षं रखमाजी रोज बायकोकडे चहा मागत होते आणि ते कुणालाच ऐकू जात नव्हतं!

त्याने घड्याळ नीट केलं, नेट जोडलं. संध्याकाळी बरोबर सातला हाक झाली. सासू-सुनांच्या किंचाळ्या, गिरणीची धडधड, सगळं जिथल्या तिथे. सौमित्रने कॉलर ताठ केली.

सव्वासातला ठकुबाई पंचायतीच्या दारात. हातात कप.

"चहा निवला," ती म्हणाली. "मला बोलल्यालं काय ऐकू आलं न्हाई. दुपारी आलं हुतं. तू त्यास्नी परत धाडलंस का रं?"

सौमित्रकडे याचं तांत्रिक उत्तर होतं. ते बाजूला ठेवून त्याने सरपंचांना बोलावलं.

रात्रीची जेवणं बाजूला ठेवून देवळात बैठक बसली.

"आजींसाठी दीडला आणखी एक हाक लावतो," सौमित्र म्हणाला. "सातचीही राहील."

"एका दिसात दोन येळा सांज?" चिमाजी खवळले. "जित्तेपनी मानूस कदी खोटं बोलला न्हाई, त्याला आता दुतोंडी करतोस व्हय?"

"मग फक्त ते चहाचं वाक्य दीडला..."

"तोडायचं? मानसाला अर्धा हितं, अर्धा तितं?" ठकुबाई पदर तोंडाला लावून म्हणाली. सगळ्या बायकांनी सौमित्रकडे खाटकाकडे बघावं तसं बघितलं.

"बरं, मग सोपं आहे. रोज सातला सगळ्यांनी फक्त पाच मिनिटं टीव्ही बंद ठेवा."

बाहेर कुत्र्याने जांभई दिली. सौमित्रने प्रत्येकी एक मूत्रपिंड मागितल्यासारखे चेहरे!

शेवटी गेनबा उठला. "दीडलाच ऱ्हाऊ द्या. दिवेलागनीनंतर कुनी काम सांगत न्हाई. लई बरं पडतंय."

ठराव एकमताने मंजूर झाला. सौमित्रने मान खाली घालून घड्याळ पुन्हा बिघडवलं. बिघडवायला नीट करण्यापेक्षा जास्त वेळ लागला, कारण ठकुबाई शेजारी बसून "आता बगा, आता येतील" म्हणत होती आणि तो दर वेळी मागे वळून बघत होता.

फक्त गाव आणि सूर्य यांच्यात साडेपाच तासांचा फरक राहत होता. तो मिटवायला चिमाजींनी अर्ज सांगितला आणि टाइप करण्याची शिक्षा सौमित्रला झाली:

"मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी. अर्जदार ग्रामपंचायत उंबरकोंड. कारणे अर्ज सादर करतो की, कै. रखमाजी यांची सांजेची हाक दुपारी दीड वाजता होत असून ती बदलणे शक्य नाही. तसेच सायंकाळी सात वाजता टीव्ही बंद ठेवणे हेही शक्य नाही. याउपर बदलण्यासारखी एकच बाब शिल्लक राहते. तरी मौजे उंबरकोंडपुरता सूर्य दररोज दुपारी ठीक दीड वाजता मावळावा, असे आदेश संबंधितांस तात्काळ व्हावेत, आणि श्रीमती ठकुबाई यांचा चहा होईपर्यंत तो पुन्हा उगवू नये, ही नम्र विनंती."