टालरला बसवलेली कडी

विषय : सन १६९४ चा चांदीचा एक टालर, त्यास दिलेला डाख आणि त्यातून उद्भवलेली घरगुती परिस्थिती.

उपरोक्त विषयी निवेदन की, मी (लेओनहार्ट श्टाडलर, वनखात्याचा निवृत्त लिपिक, मुक्काम टोल्झ) पत्नी आफ्रा हिला ईस्टरला वचन दिले होते, यापुढे घरात जुने नाणे येणार नाही. जूनमध्ये ते आले. एका बाजूला केसांच्या टोपातला आमचा जुना राज्यकर्ता, दुसऱ्या बाजूला बाळाला घेतलेली मेरी आणि वर तीनशे वर्षांची काळसर निळी झाक. या झाकेसाठी संग्राहक जीव टाकतात.

आफ्राला ते माझ्या मोज्यांच्या खणात सापडले. (छत्तीस वर्षे फायली दडवलेल्या माणसाला याहून बरी जागा सुचू नये.) हे कशाला, असे तिने विचारले. मी म्हणालो, "शारिवारीसाठी."

शारिवारी म्हणजे चामड्याच्या विजारीवर पुढे अडकवायची चांदीची साखळी. तिला नाणी, हरणाचे दात, रानडुकराचा सुळा असे काहीबाही लटकत असते. आमच्या घरातली आफ्राच्या वडिलांची. ते गेल्यावर तिने ती मला दिली आणि बोजड वाटते म्हणून मी अकरा वर्षे ती अंगाला लावली नव्हती. माझे उत्तर ऐकून तिचे डोळे भरून आले. तिथेच खरे बोलायला हवे होते. मी कॉफी मागितली.

जत्रेच्या रविवारी तिने स्वतःच्या हाताने साखळी माझ्या विजारीवर अडकवली. मधोमध टालर. सोनाराने घासून लखलखीत केलेला आणि मेरीच्या डोक्यावर डाख देऊन कडी बसवलेला. मी रुमाल काढून डोळ्यांना लावला. तिला वाटले, मी गहिवरलो.

बिअरच्या मंडपात आमच्या नाणेमंडळाचे चिटणीस प्रांटल भेटले. खिशातून भिंग काढून ते माझ्या पोटाशी वाकले.

"श्टाडलर, प्रदर्शनात पहिल्या पेटीत ठेवणार होता तो हाच ना? कोणत्या गाढवाने याला कडी लावली?"

आफ्रा शेजारी मुळ्याच्या चकत्या खात होती. "कडी मी लावली," ती म्हणाली. "गाढवाने नुसती घातलीय."

घरी आल्यावर तिने टालर सोडवून माझ्या हातात दिला आणि साखळी आपल्या कपाटात ठेवली. "नाणं आणलंस त्याचं काही नाही, लेओ," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तुला बाबांची आठवण झाली."

तेव्हापासून विजार चढवली की पुढे फार रिकामे वाटते. टालरकडे बघवत नाही.

मला बोलणे जमत नाही, अर्ज जमतो. साखळी पुन्हा घालण्यास परवानगी मिळावी, असा रीतसर अर्ज केला. सोबत घरात लपवलेल्या सर्व नाण्यांची यादी, जागांसह. आफ्राने चष्मा लावून तो वाचला, शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या आणि समासात लिहिले, 'मूळ मालकाचा अभिप्राय घ्यावा.'

मूळ मालक चर्चच्या मागे, तिसऱ्या रांगेत असतात. दर शनिवारी मी झारी घेऊन जातो, त्यांच्या फुलांना पाणी घालतो आणि विषय मांडतो. हयातीतही त्यांनी माझ्या बोलण्याला कधी उत्तर दिल्याचे स्मरत नाही.

अर्ज प्रलंबित आहे.