धुण्याच्या दगडावरचा ऑक्टोपस

जी वस्तू उघडता येते ती मला साफ करता येते, आणि जी साफ करता येते ती शिजवताही येते! नागापूरच्या कारखान्यात आयुष्यभर फिटर होतो मी. हेच लेकीला, सुकन्याला, फोनवर छाती ठोकून सांगितलं आणि फसलो.

माझी बायको मनकर्णा गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून सुकन्याचं एकच टुमणं. "बाबा, घराला कुलूप लावा आणि रत्नागिरीला चला. एकटे काय खाता तुम्ही?"

"सगळं खातो! स्वतः करून खातो! घे परीक्षा!"

"बरं. शनिवारी येतो आम्ही. ह्यांना आवडतं ते करून घाला. जमलं तर राहा तिथंच. नाही जमलं तर बॅग भरायची."

जावई हर्षलराव पडले रत्नागिरीचे. त्यांना काय आवडावं? ऑक्टोपस! पावसाळा सरला की तिकडे ताजा मिळतो म्हणे. शनिवारी सकाळी ट्रॅव्हल्सच्या गाडीनं त्यांनीच धाडलेला बर्फाचा खोका आला. झाकण उघडलं. आतून एक डोळा माझ्याकडे बघत होता. झाकण लावलं. असं उघडझाक करण्यात दिवस गेला!

शेवटी हर्षलरावांना फोन केला. ते गाडी चालवत होते, शेजारी झोपलेल्या सुकन्याला कळू नये म्हणून हळूच बोलले. "बाबा, डोक्याची पिशवी मोज्यासारखी उलटी करा, आतलं सगळं काढा. शाईची पिशवी फोडू नका. पायांच्या मधोमध चोच असते, ती काढा. मीठ चोळून धुवा. मग दगडावर आपटा, नाहीतर टायर खाल्ल्यासारखं लागेल. आणि उकळत्या पाण्यात तीनदा बुडवून काढा, पाय वळेपर्यंत."

गॅसवर पातेलं ठेवलं आणि खोका घेऊन परसात गेलो. कपडे खराब नकोत म्हणून मनकर्णा धुणं धुताना नेसायची ते जुनं हिरवं पातळ डोक्यावरून गुंडाळून घेतलं. शाईची पिशवी पहिल्याच झटक्यात फुटली. तोंड काळं! चोच निघाली, अगदी पोपटाची. मीठ चोळायला लागलो तर मेलेल्या प्राण्याचा एक पाय माझ्या मनगटाला चिकटला. सोडवला. दुसरा चिकटला. तेवढ्यात वीज गेली.

तिन्हीसांजेची वेळ. परसात मी आणि तो.

त्याला धुण्याच्या दगडावर आपटला. धप, धप. जरा थांबून, धप. मनकर्णा कपडे असेच आपटायची. हाताला दुसरी चाल माहीतच नव्हती.

भिंतीपलीकडे शेजारच्या बनुबाई भांडी घासत होत्या. भांड्यांचा आवाज बंद झाला. बोळातलं कुत्रं केकाटत पळालं. मग अगदी भिंतीला तोंड लावून कुणीतरी बोललं.

"मने? आलीस?"

'वहिनी, मी आहे' म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांनी हाक मारली होती अगदी मनकर्णा असताना रोज मारायच्या तशी. ऑक्टोपस तसाच हातात धरून भिंतीला कान लावला.

"जाऊ नको गं. तुला सांगायचं हाय. तुजं मालक लई वाळलंत. सयपाक येतो म्हनत्यात, पन मीठ कुटं घालावं त्येबी कळत न्हाई! रोज मीच वाटी पाठवते कालवनाची. आन् खाऊन लेकीला सांगत्यात, मी केलं म्हनून!"

अंधारात, पातळाच्या आत, मी लाजलो!

"आता लेक न्यायला येतीय त्यास्नी. तूच तिच्या मनात घाल, हितंच ऱ्हाऊ दे म्हनावं. तू गेलीस, आता घरबी बंद पडलं तर या भिंतीपाशी मी कुनाशी बोलू? ऐकतीस न्हवं? ऐकत असलीस तर वाजीव."

काय करणार? वाजवलं. धप, धप. जरा थांबून, धप.

पलीकडे बनुबाई रडायला लागल्या. मग बादली उपडी केल्याचा आवाज आला, आणि त्यांचं डोकं भिंतीवर उगवलं. नेमकी त्याच वेळी वीज आली!

हिरवं पातळ, काळं तोंड, हाताला आठ पाय!

"आगं आये!" बनुबाई बादलीसकट भांड्यांत कोसळल्या. मी दचकलो, घसरलो, ऑक्टोपस हातातून सुटला आणि भिंतीपलीकडे गेला. त्यांचा नवरा मच्छिंद्र काठी घेऊन धावत आला होता. ऑक्टोपस त्याच्या टकलावर बसला, आणि बसला तो बसलाच! "काडा! काडा! मेंदू वढतोय माझा!"

"बाबा!"

मागं वळलो. स्वयंपाकघराच्या दारात सुकन्या उभी होती. पुढचं दार उघडं होतं, कधीची आली होती कोण जाणे. डोळे पुसत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. वाटीसकट.

ऑक्टोपस धुऊन आणला. तीनदा बुडवला. एकेक पाय हळूहळू वर वळला, कुणी बोटं मिटून घ्यावीत तसा. मच्छिंद्र लांबूनच म्हणाला, "भिमाजी, त्यो अजून जित्ता हाय!" हर्षलराव बराच वेळ एकच घास चावत होते. "छान झालाय," म्हणाले. मग पाणी प्यायले.

"परीक्षेत नापास बरं का, बाबा," सकाळी निघताना सुकन्या म्हणाली. मी भरून ठेवलेल्या बॅगेकडे बघितलं. तिनं ती उचलून माळ्यावर ठेवली. "राहा इथंच. बनुकाकू बोलतील कुणाशी?"

त्याच दिवशी तिन्हीसांजेला भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. बनुबाईंना आता सगळं ठाऊक होतं, आणि तरी हाक आली. "मने, हाईस का?"

मी टॉवेल घेऊन दगडापाशी गेलो. धप, धप. जरा थांबून, धप.

"मालकास्नी सांग, आज कालवनात मीठ कमी हाय, वरनं घ्या म्हनावं. आन् मी केलं म्हनून कुनाला सांगू नगा!"

तेव्हापासून हे रोज चाललंय. टॉवेल मात्र लवकर फाटतात.